ती आली की हे बोलायचे

माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहत होतो, आणि वर्ष उलटायच्या आत डोंबिवलीजवळ कोपरला आलो. भाड्याचं घर सोडून भाड्याच्याच घरात आलो, त्यामुळे लोकांना सांगताना 'शिफ्ट झालो' एवढंच सांगायचे. माझं माहेर नौपाड्यातलं. शाळा तिथली, लग्न तिथलं, नोकरीही तिथलीच. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते. नंबर लावायचे, फाइली काढायच्या, वाट बघून कंटाळलेल्या म्हाताऱ्यांशी चार शब्द बोलायचे. ही नोकरी आधी माझी हौस होती. कंपनी बंद पडल्यावर तीच आमचं घर चालवायला लागली.

हे डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखान्याला कुलूप लागल्यावर ह्यांनी दारू धरली नाही, आदळआपट केली नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. फक्त बोलायचे थांबले. 'हो', 'नको', 'ठेव तिथे', एवढ्यावर दिवस निघायचा. सकाळी मी निघताना गॅलरीत खुर्चीवर बसलेले असायचे आणि संध्याकाळी मी परत आले की तिथेच. मी विचारायचे, "जेवलात का?" "हो." "कोणी आलेलं?" "नाही." संपलं. सुरुवातीला मीच दोघांच्या वाटचं बोलायचे. दवाखान्यातल्या गमती, डॉक्टरांची नक्कल, लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईचं काय झालं ते. मग तेही कमी झालं. मुलगी कॉलेजात होती. तिने कानात हेडफोन घातले ते काढलेच नाहीत.

ह्यांच्याच कंपनीतले एक गृहस्थ शहाडला राहायचे. त्यांचा एक दिवस फोन आला.

"वहिनी, एक मुलगी आहे, फोटो काढते. नोकरी गेल्यावर लोकांची घरं कशी चालतात त्याचे फोटो. आमच्याकडे येऊन गेलेली. चांगली आहे. तुमच्याकडे पाठवू का?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, आम्ही काय गरीब आहोत का? फोटो काढून काय दाखवणार ती लोकांना?"

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "येऊ दे."

किती दिवसांनी हे आपणहून काही बोलले होते. त्या दोन शब्दांच्या आनंदात मी हो म्हटलं. दार मीच उघडून दिलं, हे मला नंतर पुष्कळदा आठवायचं.

ती रविवारी आली. मी सकाळपासून घर घासून ठेवलेलं. नवीन बेडशीट घातली, डायनिंग टेबलावरची औषधं खणात कोंबली, शोकेसमधले कप काढले, स्वतः चांगली साडी नेसले. मुलगी तिशीतली असेल. सुती कुर्ता, पाठीवर सॅक, केस वर गुंडाळून पेन खोचलेलं. चपला काढल्या आणि सोफा सोडून सरळ फरशीवर बसली. मी म्हटलं, "अगं वर बस." तर म्हणे, "नको काकू, इथून छान दिसतं." कॅमेरा तिने बाहेरच काढला नाही. इकडेतिकडे बघत होती. मग बाथरूमच्या दाराशेजारच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "इथे काही होतं का?"

तिथे वॉशिंग मशीन होतं. सगळ्यांना मी सांगितलेलं की रिपेअरला दिलंय. आत्ताही तेच सांगायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "मशीन होतं. विकलं."

आणि मग, मी अजून उभीच होते, हे पुढे बोलायला लागले. ते मशीन कधी घेतलं, घेतलं त्या दिवशी मी कशी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसले आणि आत गरगर फिरणारे कपडे बघत राहिले, विकताना टेम्पोवाल्याला ह्यांनी ते आडवं ठेवू नको म्हणून कसं तीन-तीनदा बजावलं. विकत गेलेल्या मशीनची काळजी. ती हसली. हेही हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि साखर घालायची विसरले.

पुढच्या वेळी तिने मला सांगितलं, "काकू, तुम्ही आवराआवर नका करू. मला रोजचं हवंय." रोजचं हवं म्हणून मग ती आडवारी यायला लागली, आणि आडवारी मी दवाखान्यात. म्हणजे ती यायची तेव्हा घरात हे एकटे.

मी संध्याकाळी येऊन सिंकमध्ये बघायचे. दोन कप असायचे. लग्न झाल्यापासून ह्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. मला ताप आला तरी चहा बाहेरून आणायचे. आणि आता दोन कप, गाळणीसुद्धा धुऊन उपडी घातलेली. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. एरवी चार-चार दिवस दाढी वाढवून बसणारा माणूस ती येणार त्या दिवशी सकाळी आरशासमोर उभा असायचा. मी डबा भरता भरता बघायचे. गालावरून वस्तरा कसा हळू, नीट फिरायचा. मला वाटायचं, जाऊन तो हातातून काढून घ्यावा.

एक दिवस मुलगी म्हणाली, "आई, बाबा आज काय हसले! खोकलाच लागला त्यांना."

"कशावर?"

"माहीत नाही. ताई काहीतरी म्हणाली."

"कोण ताई?"

"अगं, फोटोवाली ताई."

माझ्या मुलीचीही ताई झालेली.

मला तसला संशय कधीच नव्हता, हे खरं सांगते. ती ह्यांना काका म्हणायची, तिचं वागणं-बोलणं स्वच्छ होतं, आणि नवऱ्याला मी ओळखते. संशय असता तर सोपं होतं. भांडले असते, तिला हाकलून दिलं असतं, माहेरी सगळ्यांनी माझी बाजू घेतली असती. पण हिला काय म्हणायचं? माझा नवरा माझ्याशी बोलत नाही आणि तुझ्याशी बोलतो, म्हणून तू येऊ नकोस? जगात कोणाला सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, बरंच आहे की, बोलतोय ना माणूस. मलाही ते कळत होतं. तरी स्टेशनवरून रिक्षात बसलं की आज सिंकमध्ये किती कप असतील हेच घरी येईपर्यंत डोक्यात असायचं. ती दिसायला साधी होती. तिच्या जागी एखादी नटवी असती तर मला कमी त्रास झाला असता असंही वाटायचं. हिच्यापाशी होतं काय, तर ऐकणं. आणि ते तर माझ्याकडेही होतं. निदान मला तसं वाटायचं.

एकदा दवाखाना लवकर बंद झाला. मी भाजी घेऊन जिना चढत होते तर वरून ह्यांचा आवाज आला. मी मधल्या मजल्यावरच थांबले. दार उघडं असणार. हे सांगत होते, की कंपनीत लागले तेव्हा मशीनचा आवाज डोक्यात बसून रात्री झोप यायची नाही. आणि आता तो आवाज नाही म्हणून येत नाही. "पंखा फुल ठेवतो," हे म्हणाले, "हिला थंडी वाजते, पण बंद केला तर मला ते शांत-शांत सहन होत नाही गं."

त्या पंख्यावरून आमची किती भांडणं झालेली. मी भर थंडीत दोन चादरी घेऊन झोपायचे आणि समजायचे की ह्यांना माझी पर्वा नाही. कारण एवढंसं होतं. मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? आणि तो 'गं'. आधी 'मॅडम' होती, मग 'तुम्ही', आता 'गं'.

वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येत होत्या. "काय झालं? चावी विसरलात?"

"हो," मी म्हटलं.

आत गेले तर ह्यांचं बोलणं नळ बंद करावा तसं थांबलं. ती उठून उभी राहिली. "या ना काकू, बसा." माझ्या घरात मला बसा म्हणत होती. मी म्हटलं, "बसते. चहा तर झालाच असेल तुमचा."

माझेही फोटो ती काढायची, नाही असं नाही. पण मी पोळ्या लाटताना पदर नीट करून, मान वर करून उभी राहिले की ती कॅमेरा तसाच धरून थांबायची. मी कंटाळून, विसरून, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला की खट्. मला राग यायचा. म्हटलं, "अगं, असा काय काढतेस? जरा बरा दिसेल असा काढ की."

"बरा दिसतोय काकू," ती म्हणायची.

शेवटी मी ह्यांना म्हटलं, "तिला सांगा आता पुरे झालं. बिल्डिंगमध्ये लोक बोलतात."

कोणी बोलत नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गॅलरीत निघून गेले. त्यानंतर ती घरी आली नाही. दोन आठवडे सिंकमध्ये एकच कप. मला जिंकल्यासारखं वाटलं. मग मुलगी बोलता बोलता बोलून गेली की बाबा आणि ताई खाडीच्या बाजूला फिरायला जातात, परवा एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर जाऊन आले. म्हणजे आता ते घरातही नाही; बाहेर, मला दिसणार नाही असं. मी मुलीवरच ओरडले, तिने हेडफोन लावले.

त्याच आठवड्यात, दवाखान्यात दुपारची गर्दी असताना मी मान वर केली तर रस्त्याच्या पलीकडे, रसाच्या गाड्याशेजारी ती उभी. कॅमेरा डोळ्याला आणि रोख माझ्यावर. मी पेशंटला 'एक मिनिट' म्हटलं, काउंटर सोडला आणि रिक्षांमधून वाट काढत रस्ता ओलांडला.

"इथे कशाला आलीस? इथे मला सगळे ओळखतात. माझं माहेर आहे हे!"

ती घाबरली. "सॉरी काकू. मी विचारणारच होते तुम्हाला, आधी फक्त जागा बघत होते. काका म्हणाले इथून तुम्ही चांगल्या दिसता."

"काकांना काय माहीत इथून काय दिसतं?"

तिला कळलं की मला माहीत नाही, आणि तिचा चेहरा उतरला. "त्यांनी तुम्हाला... ते यायचे ना इथे. कंपनी बंद पडल्यावर, सुरुवातीला. इथे उभे राहायचे थोडा वेळ. मग परत जायचे."

मी वळून बघितलं. दवाखान्याची काच, काचेआड माझी रिकामी खुर्ची, पेशंट माझ्याकडे मान वळवून बघत होते. खरंच सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्या दिवशी मी घरी आले, पर्स ठेवली आणि चपला न काढताच गॅलरीत गेले.

"तुम्ही नौपाड्यात यायचात?"

ह्यांनी मान डोलावली.

"तिला सांगितलंत. मला का नाही?"

हे म्हणाले, "ती विचारते."

"आणि मी नाही विचारत? रोज विचारते!"

"तू विचारतेस, आज काय केलंत. मला ते 'कुठे काम बघितलं का' असं ऐकू येतं."

"मी तसं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस. म्हणून तर." मग रेलिंगकडे बघत म्हणाले, "तिला सांगितलं की ती ते घेऊन जाते. तुला सांगितलं की ते इथेच राहणार, घरात. रोज तुझ्या तोंडावर दिसणार."

मी खाली फरशीवर बसले. विचारलं, "आलात तर आत का नाही आलात?"

"तू हसत होतीस कोणाशी तरी. एक म्हातारा होता काठीवाला. तो काहीतरी म्हणाला आणि तू एवढी हसलीस. मला वाटलं, हिचं बरं चाललंय. मला राग आला तुझा. तुझ्याकडे जायला एक जागा होती. सकाळी उठून तयार होऊन निघायचीस. मी तुझा डबा बघायचो ना, तर तो डबासुद्धा मला बघवायचा नाही."

मी इतके महिने त्या मुलीचा हेवा करत होते आणि हा माणूस त्याच्याही आधीपासून माझा हेवा करत बसलेला. मला कीव यायला हवी होती. थोडी आली. पण खरं सांगायचं तर आधी जे वाटलं ते वेगळंच. वाटलं, हेसुद्धा तिला आधी माहीत होतं. माझ्याबद्दलची गोष्टसुद्धा माझ्याआधी तिच्याकडे गेली.

मी म्हटलं, "तो म्हातारा रोज येतो आणि रोज एकच विनोद सांगतो. मी नोकरी म्हणून हसते."

"हो?" हे म्हणाले. एवढंच. पण थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कुठला विनोद?" मी सांगितला. फारच वाईट विनोद होता. हे हसले नाहीत, मीही नाही, पण त्या दिवशी गॅलरीत आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो.

काही महिन्यांनी ठाण्यात एका छोट्या हॉलमध्ये तिने फोटो लावले. आम्हाला बोलावलं. ह्यांनी स्वतः शर्टला इस्त्री केली, माझ्या साडीलाही करून दिली. वाटेत सारखे म्हणत होते, "आपला कुठला लावला असेल गं?" आमच्याशिवाय तिथे आणखी कोणाचं काही असेल असं त्यांच्या बोलण्यात कुठे नव्हतं.

आत गेलो तर भिंतींवर घरंच घरं. कल्याणची, अंबरनाथची, शहाडची. मोकळे कोपरे, बंद पडलेल्या शिलाई मशीनवर ठेवलेला कुकर, दारातल्या जोड्यांमध्ये कंपनीचे जाडजूड सेफ्टी शूज, गणवेश आखूड झालेली एक मुलगी. मी कबूल करते, फोटो फार चांगले होते. कोणी बिचारं दिसत नव्हतं. आमचा होता ह्यांचा, गॅलरीतला, मान मागे टाकून हसताना. पुढचे दोन दात दिसत होते, डोळे पूर्ण मिटलेले. मी त्या फोटोपुढे उभी राहिले. हा चेहरा माझा होता. लग्नानंतर कोकणात गेलेलो तेव्हाचा. मला तो इतक्या वर्षांत परत काढता आला नव्हता, तिने चहाच्या दोन कपांवर काढला.

शेजारी शहाडच्या त्या गृहस्थांची बायको उभी होती. त्यांच्या नवऱ्याचाही फोटो होता, टॉवेल खांद्यावर टाकून काहीतरी सांगताना, हात हवेत.

"तुमच्याकडेपण बोलायचे का हो?" तिने हळूच विचारलं.

"हो ना. तुमच्याकडे?"

"तासन् तास! आणि मी आले की गप्प. मला तर वाटायचं हिच्या झिंज्या उपटाव्यात."

आम्ही दोघी तोंडावर पदर धरून इतक्या हसलो की लोक बघायला लागले. कितीतरी महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

हे मात्र एका फोटोवरून दुसऱ्या फोटोवर जात होते आणि त्यांचा चेहरा लहान लहान होत होता. परत आले ते माझ्या कानाशी म्हणाले, "सगळ्यांकडेच जायची वाटतं."

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

"नाही, तसं नाही. पण तो शहाडवालासुद्धा तिला आवाजाचंच सांगत होता म्हणे. मशीनच्या."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला फार बरं वाटलं. वरून मी म्हटलं, "चहा घ्या, तिकडे ठेवलाय." तेवढ्यात ती फोटोवाली आली, मला मिठी मारली, आणि मी चांगली घट्ट मारू दिली.

त्यानंतर ती दुसऱ्या कामाला लागली, लांब कुठेतरी. हे काही दिवस रुसल्यासारखे होते. मग आमच्याच बिल्डिंगचा पाण्याचा पंप बिघडला, तो ह्यांनी सोडवून बघितला, दुरुस्त केला, आणि त्यावरून आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्यांनी पंपांची देखभाल ह्यांच्याकडे दिली. कंपनीसारखं नाही, पण सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडतात. बोलतात. फार नाही. कोणत्या सोसायटीचा सेक्रेटरी कसा चिकट आहे, कोणाच्या टाकीत कबुतर पडलं. मी मधे न बोलता ऐकायचा प्रयत्न करते, नेहमी जमतं असं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचा फोन आला. ह्यांना नाही, मला. ज्यांच्यासाठी ती फोटो काढायची त्यांनी अचानक काम थांबवलं होतं, पुढचं काही ठरत नव्हतं, घरी आईवडिलांना सांगितलं नव्हतं. "काकू, तुम्हाला वेळ आहे का?" असं म्हणून जी बोलायला लागली ती थांबेचना. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, ओट्याला टेकून उभी राहिले. मधेच एकदा ती रडली. मी काही सल्ला दिला नाही. 'हं' म्हणत राहिले. कुकरच्या शिट्या झाल्या तेव्हा गॅस बंद केला, तेवढंच.

बाहेर आले तर हे दाराशीच उभे.

"तिचा होता ना? काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं. "असंच."

"इतका वेळ असंच?"

"आमचं बोलणं होतं ते," मी म्हटलं आणि ताटं घ्यायला वळले. ह्यांनी जेवताना दोनदा, परत विचारावं अशा बेताने माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढली. तिचं पुढे सगळं नीट झालं, काम मिळालं, अजूनही महिन्यातून एकदा फोन करते. काय बोलते ते मी ह्यांना सांगत नाही.